उलटा हत्ती

सरांबरोबर शाळकरी मुलांची बुद्धिबळ स्पर्धा भरवायची म्हणजे आधी नियमांचं भांडण भरवायचं, आणि त्यातून वेळ उरलाच तर बुद्धिबळ. मी अकोल्याच्या आमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाची बाई म्हणून लागले तेव्हा मुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात कामं वाटून दिली. "मॅडम, कबड्डी, खो-खो, धावणं सगळं तुमच्याकडे. बुद्धिबळही तुमच्याकडेच. फक्त त्यात सर आहेत." घर भाड्यानं देताना मागच्या खोलीत मालकाचं जुनं सामान आहे असं जसं सांगतात, तसं ते म्हणाले. मी हसून मान डोलावली, कारण तेव्हा मला काहीच कल्पना नव्हती.

सर गणित शिकवायचे. मूळचे चांदूर रेल्वेचे. आजोबा वकील, वडील वकील, थोरला भाऊ वकील. हे एकटेच मास्तर निघाले. पण घरातलं कोर्ट काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. वर्गात खोडरबर हरवलं तरी तक्रार करणारा अर्जदार व्हायचा आणि ज्याच्यावर आळ तो गैरअर्जदार. उंच, काटकुळे, बुशशर्ट कायम बाहेर, आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. हा चष्मा ते निर्णय देण्याच्या वेळी काढून खिशात ठेवायचे. "चष्मा असला का कोनाचं पोट्टं हाये ते दिसते," असं त्यांचं म्हणणं. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचा माणूसही धूसर दिसायचा, पण न्यायाला ते सोयीचं आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

त्यांची खरी खोड वेगळीच होती. कुठलंही भांडण त्यांच्यापुढे आलं की ते म्हणायचे, "बाजू बदला." म्हणजे ज्याची तक्रार आहे त्यानं समोरच्याची बाजू मांडायची आणि समोरच्यानं त्याची. तेही उपऱ्यासारखं नाही, तो स्वतः आहोत असं समजून, 'मी' म्हणून बोलायचं. आपली बाजू आपण मांडायची परवानगी नव्हती. "आपलं तं कुत्र्यालेई बरोबर वाटते," ते म्हणायचे. यात आणखी एक मेख होती. जो समोरच्याची बाजू कच्ची मांडेल त्याचा दावा खारीज. म्हणजे वाईट बोललात तर हरलात आणि चांगलं बोललात तर स्वतःच्या तोंडानं स्वतःला हरवलंत. मी एकदा त्यांना हे बोलून दाखवलं. त्यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, आता हेच माह्या बाजूनं सांगा." मी चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

शाळेतच असं असतं तर चाललं असतं. आम्ही एकदा मुलांना घेऊन एसटीनं अमरावतीला निघालो होतो. अकोल्याच्या स्टँडवर एकानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली, आणि दुसरा दारातून आधी चढून तिथं बसलेला. रोजचं भांडण. कंडक्टर ते सोडवणारच होता, तेवढ्यात सर उठले. बाजू बदला. गंमत म्हणजे लोक त्यांचं ऐकायचे, कारण ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की समोरच्याला आपण खरंच साक्षीला उभे आहोत असं वाटायचं. रुमालवाला बसणाऱ्याच्या वतीनं बोलू लागला आणि बसलेला उठून रुमालाची महती सांगू लागला. मूर्तिजापूर आलं तरी दोघं उभेच होते. मधल्या काळात एक म्हातारी त्या जागेवर बसून डोळा लावून मोकळी झाली होती. सरांना हा आपला विजय वाटला. मला मात्र बडनेऱ्यापर्यंत दोघांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसावं लागलं.

त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनींनी पोहे दिले आणि हसत सांगितलं, "आमच्या घरी भांडन होतच नाई मॅडम. मी चिडली का मलेच तुमच्या सरायची वकिली करा लागते. मंग मी चिडतच नाई." सरही हसले. त्या दिवशी मीही हसले होते.

एक मात्र कबूल करते, मुलांवर या पद्धतीचा परिणाम व्हायचा. धुसफुसत आलेली दोन पोरं एकमेकांची बाजू मांडता मांडता नरम पडायची. काही तर बाहेर जाऊन गळ्यात गळे घालायची. त्यामुळे मुख्याध्यापक सरांना काही बोलत नसत, आणि मला बोलायचा हक्क नव्हता. मी फक्त घड्याळाकडे बघत बसायची.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यांची नियमसभा भरायची. नियम छापून भिंतीला लावायला त्यांची सक्त मनाई. छापलेला नियम कोणी वाचत नाही आणि न वाचलेला नियम कोणावर लादता येत नाही, म्हणून प्रत्येक नियम मुलांपुढे मोठ्यानं सांगायचा, त्यावर चर्चा करायची आणि हात वर करून मान्यता घ्यायची. "सर, नियम आंतरराष्ट्रीय आहेत, त्यांना आपली मान्यता कशाला?" मी विचारायची. "मॅडम, आंतरराष्ट्रीयमंधी आपन येतो का नाई?" ते विचारायचे. किल्लेकोट करताना आधी राजाला हात लावायचा की हत्तीला, यावर एकदा अर्धी सकाळ गेली, कारण एका मुलानं दोन्ही हातांनी दोन्ही एकदम उचलले तर काय, असं विचारलं होतं. दुसऱ्या एका वर्षी त्यांच्याच गावचा एक पोरगा म्हणाला, आमचे आजोबा राजाला एकदा घोड्याची उडी मारू देतात. झालं. सरांचा चेहरा उजळला. ती जुनी देशी चाल कुठून आली, का गेली, आणि आज ती मान्य करायची का, यावर मतदान झालं. ती थोडक्यात नामंजूर झाली म्हणून मी देवाचे आभार मानले. तोवर डब्यातल्या पोळ्या वाळल्या होत्या आणि आलू-वांग्याच्या भाजीवर तेलाचा थर धरला होता.

हे सगळं मी सहन करत होते, कारण तोवर त्या शाळाशाळांच्या स्पर्धा होत्या. हरलं-जिंकलं तरी कोणाचं काही अडत नव्हतं. त्या वर्षी मात्र आमच्या शाळेला जिल्ह्याची निवड स्पर्धा मिळाली. जिंकणारा विभागीय स्पर्धेला अमरावतीला जाणार. आणि मुख्य पंच म्हणून सरांचं नाव आलं.

त्या सकाळी तेल्हाऱ्याहून एक मुलगी आली होती. रेणुका. नववीतली, सावळी, दोन वेण्या, पायात शाळेचे बूट पण मोजे नाहीत. सोबत तिचा मामा. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की माप व्हायला संध्याकाळ होते. त्या रांगेत वेळ घालवायला हा मामा गाडीच्या धुरेवर, हाकणाऱ्याच्या जागेवर, पट मांडून बसायचा. तिथंच ही खेळायला शिकली. मामानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, पोट्टी चांगली खेळते, माह्यापेक्षाई चांगली. पन दाजी म्हनते, अमरावतीले नंबर लागला तं पाहू, नाई तं आता हे बंद. पुढच्या साली दहावी हाये. अन् मंग पुढं काय, तुमाले माहीतच हाये." मला माहीत होतं. असे दाजी माझ्या ओळखीचे खूप होते. माझ्या स्वतःच्या वडिलांचं धावण्याबद्दलचं बोलणंही शब्दाशब्दाला असंच होतं.

तर त्या दिवशीची नियमसभा नेहमीपेक्षा लांबली, कारण पंच म्हणून सरांच्या अंगात नवा जोर आला होता. मोबाइल दप्तरात वाजला तर काय. शिंक आली आणि हातानं मोहरा पडला तर काय. 'शह' तोंडानं म्हणायचं का. प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि वजीर हवा असला तर हात वर करायचा, जादा वजिरांचा स्टीलचा डबा सरांच्या टेबलावर आहे, ते आणून देतील. टेबलाटेबलावर जादा वजीर ठेवायला सरांचा विरोध होता. एका वर्षी पोरांनी प्यादं पोचायच्या आधीच वजीर हातात घेऊन नाचायला सुरुवात केली होती म्हणे. हे सगळं ठरलं, हात वर झाले. जी एक गोष्ट बोलायला हवी होती ती मात्र कोणाच्या डोक्यातही आली नाही, कारण आमच्याकडे ती इतकी नेहमीची आहे. दुसरा वजीर हवा असेल आणि सापडत नसेल तर मारलेला हत्ती उलटा करून ठेवतात आणि तोच वजीर धरतात. शाळेत, ओट्यावर, धुरेवर, सगळीकडे. सर स्वतः स्टाफरूममध्ये असेच खेळायचे.

शेवटच्या फेरीत पहिल्या टेबलावर रेणुका आणि ओजस समोरासमोर आले. ओजस अकोल्याचाच, शिकवणी लावलेला, गोरटेला, सभ्य मुलगा. त्याचा अर्धा गुण जास्त होता, त्यामुळे त्याला बरोबरी पुरत होती. रेणुकाला जिंकणं भागच होतं. मी मधून मधून डोकावत होते. मला बुद्धिबळ बेताचंच येतं, पण तिचं एक प्यादं पुढं पुढं सरकतंय आणि ओजस ओठ चावतोय एवढं कळत होतं. तेवढ्यात ओजसचे वडील आत घुसू लागले. पालकांना आत येता येणार नाही, हे त्यांना समजावत मी वऱ्हांड्यात उभी राहिले. आत चौथ्या टेबलावर दोन लहान पोरांचं 'हात लावला, नाही लावला' सुरू होतं आणि सर तिथं त्यांना बाजू बदलायला लावत होते, हे दारातून ऐकू येत होतं.

मग ओजसचा आवाज आला. "सर, हिनं हत्ती तिरपा चालवला."

"वजीर हाये तो," रेणुका म्हणाली.

मी आत धावले. पटाच्या कोपऱ्याजवळ एक हत्ती डोक्यावर उभा होता. सर चष्मा डोळ्यांवर चढवत चौथ्या टेबलाकडून आले, वाकून पट पाहिला, घड्याळ बंद केलं आणि चष्मा पुन्हा काढून खिशात घातला.

"अर्जदार ओजस. गैरअर्जदार रेणुका. बाजू बदला."

दारातून ओजसचे वडील ओरडले, "सर, बाजू काय बदला? पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, उलटा ठेवला तरी हत्ती हत्तीच."

"तुमाले आत प्रवेश नाई," सर म्हणाले. "अन् बोलाचंच असन तं तुमाले तिच्याकून बोला लागन. बोलता का?"

ते एक पाऊल मागं सरकले. मी सरांच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सर, ही निवड स्पर्धा आहे. तुम्ही सरळ दोघांना काय झालं ते विचारा आणि निकाल द्या." त्यांनी मला हातानं थांबवलं. त्यांना त्या क्षणी इतका आनंद झालेला दिसत होता की माझा हात शिवशिवला.

ओजस उभा राहिला. आधी अडखळला. मग म्हणाला, "मी रेणुका. मी ठेवताना 'वजीर' म्हटलं होतं. ओजसनं ऐकलं. नंतर माझा तिरपा शह बसला होता, तेव्हा त्यानं राजा हलवला. म्हणजे तोपण त्याला वजीरच समजला." इतकं बोलून तो थांबला. त्याच्या डाव्या हाताची मूठ मघापासून मिटलेली होती. मारलेला मोहरा मुठीत घोळवत बसायची त्याला सवय होती. त्यानं मूठ उघडली आणि स्वतःच दचकल्यासारखा पाहत राहिला. आत रेणुकाचा पांढरा वजीर होता. "अन् माझा वजीर याच्याजवळ होता," तो हळू आवाजात म्हणाला आणि वजीर पटाशेजारी ठेवला.

मला वाटलं, संपलं. एवढ्यानंतर काय उरलं? खिडकीच्या गजांना धरून मामा उभा होता, त्याच्याही चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. पण सर म्हणाले, "शाब्बास. आता तू. त्याच्याकून."

रेणुका उठली. दोन्ही हात पाठीमागं धरले, कविता म्हणायला उभी राहावी तशी. "मी ओजस. नियमात उलटा ठेवला तरी हत्ती हत्तीच असते. सकाळी सरायनं सांगतलं होतं, वजीर लागला तं हात वर करा. मले तिचा हात वर दिसला नाई. सरायलेई दिसला नाई. मंग तिनं वजीर मागितला असं कसं म्हनाचं? तोंडानं वजीर म्हनल्यानं वजीर होत नाई. ज्यायनं ठरवलं त्यायनं हात वर करून ठरवलं." ती सरांकडे पाहत होती. "एवढंच."

सगळ्या हॉलमध्ये कुजबुज झाली. इतकं स्वच्छ कोणीच बोललं नव्हतं. ओजसच्या वडिलांनीसुद्धा मान हलवली. सर म्हणाले, "दोघंई चांगले बोलले. कोनाचाच दावा खारीज होत नाई. मंग राह्यला तो नियम. वजिरासाठी हात वर कराचा होता. तो हत्ती हाये. अन् हत्तीले हात लागला, म्हनून हत्तीच चालवा लागन, सरळ. ओजसले दोन मिनिटं जादा."

वजीर असता तर पुढच्या दोन चालींत मात होती, हे मला नंतर मामानं दाखवलं. हत्ती सरळ जिथं कुठं गेला असता तिथून काही होत नव्हतं. रेणुकानं तो सुलटा करून ठेवला आणि चालवला. थोड्या वेळानं बरोबरी झाली. दोघांनी हात मिळवले. अमरावतीला ओजसचं नाव गेलं. बक्षीस घेताना तो पोरगा खाली मान घालून उभा होता आणि त्याचे वडील त्याचा फोटो काढायला 'वर बघ, वर बघ' म्हणत होते.

मी सरांना स्टाफरूममध्ये गाठलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण मोठ्यानं बोलले. त्या मुलीचं खेळणं आज बंद झालं, कळतंय का तुम्हाला, असं विचारलं. तुम्हाला स्वतःचं म्हणून कधी काही वाटतं की नाही, असंही विचारलं. ते शांतपणे ऐकत होते. "मॅडम, पंचाले बाजू नसते," एवढंच म्हणाले. वर म्हणाले, "पोट्टी काय बोलली. माहा भाऊ इतके वर्षं कोर्टात हाये, त्याले जमत नाई असं." आणि हेच तिला सांगायला ते फाटकाकडे निघाले. मी मागोमाग गेले, कारण त्यांना एकटं सोडायची मला भीती वाटत होती.

मामा ऑटो बघायला रस्त्यावर गेला होता. रेणुका दप्तर पायाशी ठेवून उभी होती. सरांनी तिची मनापासून तारीफ केली. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"सर, मी हात वर केला होता," ती म्हणाली.

"कवा?"

"प्यादं पोचलं तवा. वजीर पटाजवळ दिसला नाई म्हनून. तुमी चौथ्या टेबलावर होते. त्या पोट्ट्यायचं भांडन सोडवून राह्यले होते. मी हात वर करून बसली होती अन् माहं घड्याळ चालून राह्यलं होतं. तुमी एकदा इकडं पाह्यलंई. चष्मा नव्हता तुमच्या डोयावर. मंग परत तिकडं पाहू लागले. वेळ चालला म्हनून मी हत्ती घेतला."

सरांचा हात डोळ्यांवरच्या चष्म्याकडे गेला आणि तिथंच राहिला. "मंग तू सांगतलं काहून नाई?"

"कवा सांगाचं?" ती रागावलेली नव्हती. खरोखर विचारत होती. "तुमी मले त्याच्याकून बोलाले लावलं. माह्याकून तो बोलला. त्याचं ध्यान पटावर होतं, त्याले कसं ठाऊक असन?"

"पन तूच म्हनली ना, हात दिसला नाई म्हनून."

"हाव. म्हनली. सरायलेई दिसला नाई म्हनली. तुमालेच सांगून राह्यली होती मी."

ऑटो आला. मामानं दप्तर उचललं, आम्हाला नमस्कार केला आणि दोघं गेले. सर फाटकाच्या गजाला धरून उभे होते. राग होताच. पण तो कुठं ठेवावा हे कळेना, कारण माणूस डोळ्यांदेखत खचला होता.

सोमवारी ते अमरावतीला विभागाच्या ऑफिसात गेले आणि मलाही घेऊन गेले. तिथले साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"तक्रार हाये," सर म्हणाले.

"कोणाविरुद्ध?"

"पंचाविरुद्ध."

"पंच तर तुम्हीच होतात."

"हाव. माह्याच विरुद्ध."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला, पण सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. "तुम्ही तिचा हात पाहिला होता का?" त्यांनी विचारलं.

"नाई. पाह्यला नाई, हेच तं सांगून राह्यलो."

"मग पुरावा काय? मुलगी म्हणते म्हणून? आणि निकालावर सही तुमची. आता नाव बदललं तर त्या मुलाला मी काय सांगू? त्याची यात काय चूक?"

ओजसची बाजू सरांना तोंडपाठ असणार. त्याची काहीच चूक नव्हती, आणि वजीर त्यानं स्वतः होऊन मूठ उघडून दिला होता. सरांचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी ते आतल्या आत गिळलं. "ते मले माहीत नाई साहेब," ते म्हणाले. "मी आज तिच्याकून आलो." साहेबांनी खेदानं मान हलवली. नावं वर गेली होती आणि ती तशीच राहिली.

पुढच्या रविवारी आम्ही तेल्हाऱ्याला गेलो. जायची काय गरज, मी विचारलं. त्यांनी दोन तिकिटं काढली. घर गावाच्या कडेला होतं, अंगणात कापूस वाळत टाकलेला. रेणुकाच्या वडिलांनी खाट टाकली, आईनं चहा आणला. सरांनी चहाला हात लावला नाही. उभ्या उभ्याच म्हणाले, "मी चुकलो. तुमच्या पोरीनं हात वर केला होता, मी पाह्यलं नाई. ती जिंकली होती. तुमच्या समोर सांगाले आलो." दुसरी बाजू नाही, पण-बिण नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं सरळ वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

वडील संकोचले. बिचारे सभ्य माणूस. "जाऊ द्या ना सर," ते म्हणाले, "खेळच हाये. तुमी इतक्या दुरून आले एवढ्यासाठी. बसा, चहा घ्या."

ते 'खेळच हाये' म्हणाले तेव्हा रेणुका दारात उभी होती. ती आत गेली आणि पट घेऊन आली. खाटेवर मांडला. मोहरे एकेक करून ठेवले, त्या दिवशी होते अगदी तसेच, तिला आठवायला एक क्षणही लागला नाही. शेवटच्या घरात तिनं वजीर ठेवला.

"तुमी काळे घ्या," ती सरांना म्हणाली.

सर खाटेच्या कडेवर बसले. राजाला जायला एकच घर होतं, त्यांनी तो तिथं नेला. तिनं वजीर तिरपा चालवला. शह. सरांनी पुन्हा राजा सरकवला, आणि तिनं मात केली. मामानं दाखवलं होतं तसंच. वडील चहाचा कप हातात धरून पाहत होते. त्यांना खेळ कळत नव्हता, पण काहीतरी झालं एवढं कळलं असावं, कारण त्यांनी तो कप खाली ठेवला.

रेणुकानं मोहरे गोळा केले, कापडी पिशवीत भरले, नाडी ओढून गाठ मारली आणि पिशवी सरांपुढं धरली.

"हे शाळेत घेऊन जा सर. मले आता लागत नाई, अन् तुमच्याकडं वजीर कमी पडते."

सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली.